चमचा वाजला की आल्टो

टण्.

चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज. मी दचकून मागे पाहिलं.

दुपारची वेळ. रंगाचं दुकान या वेळी अगदी चिडीचूप असायचं. मालक जेवायला गेलेले, डबे घुसळणारं यंत्र बंद, आणि काउंटरवर मी एकटी, कानांत इयरफोन, समोर शेडकार्डांची चळत. दुकानात ना कप होता, ना बशी. तरी मी वाकून काउंटरखाली पाहिलं. मग लक्षात आलं... चमचा माझ्या डाव्या कानात वाजला होता.

पाठोपाठ कुणीतरी श्वास घेतला, अगदी जवळून. आणि एक पुरुषी आवाज मोकळा सुटला — एत रेसुरेक्सित.

त्या लॅटिनचा अर्थ, आणि तो पुन्हा उठला.

मी रेकॉर्डिंग मागे नेलं. पुन्हा शांतता. पुन्हा टण्. पुन्हा तो श्वास. त्या दुपारी मी ते किती वेळा ऐकलं, विचारू नका. मालक परत आले तेव्हा कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा फिकट पिवळा मी चांगला नारिंगी करून ठेवला होता.

सांगायचं राहिलंच. आमच्या गायकवृंदाने त्या वर्षी एक जुनी लॅटिन मिस्सा बसवायला घेतली होती. मिस्सा म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचे ठरलेले शब्द, चार आवाजांसाठी बांधलेले. सगळ्यांत वर बायकांचा उंच सोप्रानो, त्याखाली आम्ही आल्टो, मग पुरुषांचे टेनर आणि बास. सोप्रानोंना चाल मिळते, बासांना रुबाब मिळतो. आल्टोंना मिळतो मधला भरणा. एकाच सुरावर पाय रोवून उभं राहायचं आणि वरच्या कशा मिरवताहेत ते ऐकत बसायचं.

आमच्या ओळीत स्वरलिपी वाचता येणारं जवळजवळ कुणीच नव्हतं. म्हणून बाईंनी — गायकवृंद चालवायच्या त्या, त्यांना सगळे नुसतंच बाई म्हणायचे — टेनरमधल्या एकाला आमची ओळ गाऊन रेकॉर्ड करायला लावली. डाव्या कानात तो, मोठ्याने. उजव्या कानात पियानोवर बाकीचे आवाज, बारीक. दर आठवड्याला नवा भाग फोनवर यायचा आणि आम्ही तो भांडी घासताना, बसमध्ये, इस्त्री करताना घोकायचो. प्रत्येक आवाजाचा सराव वेगळ्या खोलीत चालायचा आणि मी तर नवीनच होते. त्यामुळे त्या माणसाचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं.

पण बाकी सगळं ठाऊक झालं होतं. उंच सूर जवळ आला की तो नाक ओढायचा. चुकला की थांबायचा नाही, हळूच "हं, हे नव्हे" म्हणायचा आणि पुढे जायचा. त्याची खुर्ची खालच्या सुरांना कुरकुरायची. खिडकीबाहेर एक कुत्रं होतं, त्याला मिस्सेतला ग्लोरिया नावाचा भाग अजिबात पसंत नव्हता.

"तो ना? तो दातवाला," मावशी म्हणाल्या. मावशी म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या आल्टो. कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्या. "कवळ्या बनवतो. माझी पण त्यानेच केलीये. म्हणजे बघ, मी गाते त्यात अर्धा तोच गातो."

माझ्या मनातल्या चित्राचा जरा विचकाच झाला. त्या आवाजाला मी तोवर वारा, शीळ, वर केलेली कॉलर... बरंच काही बहाल करून बसले होते. कवळ्या नव्हत्या त्यात.

मग एका रविवारी शाळेच्या सभागृहात चारही आवाजांची पहिली एकत्र तालीम झाली.

मिस्सेच्या मध्यावर एक जागा आहे. त्याला क्रुसावर मारलं, पुरलं, असं म्हणत सगळे आवाज खाली खाली उतरतात आणि थांबतात. वाद्यंही थांबतात. काही ठोके नुसती शांतता. आणि त्या शांततेतून, पियानोच्या एका पट्टीचाही आधार नसताना, आधी आल्टो उठतात. फक्त आल्टो. मग बाकीचे धावत येतात, ट्रम्पेट येतात, छप्पर उडायची वेळ येते. पण सुरुवात आमची. अख्ख्या मिस्सेत आमच्या वाट्याला आलेली ही एकच मानाची जागा.

बाईंचा हात खाली आला. शांतता पसरली. मग बोट आमच्या दिशेने उठलं...

कुणीच गायलं नाही.

एकही आल्टो नाही. अख्खी ओळ तोंड अर्धवट उघडून, अदबीने, कशाची तरी वाट बघत उभी.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"पाठ केलेलं नाही?"

"पाठ आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "पण... चमचा वाजला नाही."

बाईंना वाटलं मी चेष्टा करतेय. "कसला चमचा?"

"रेकॉर्डिंगमधला. शांतता संपली की चमचा वाजतो. मग आम्ही उठतो."

"बरोबर बोलतेय ती," मावशींनी मान डोलावली. "टण् झालं की सुरू."

"मला तर ते वाद्यच वाटलं होतं," पलीकडची एक पुटपुटली. "तो लोखंडी त्रिकोण असतो ना, तसलं."

बास हसायला लागले, मग सोप्रानो, मग सगळेच. आणि आमच्या मागे, टेनरमध्ये, कुणीतरी कसनुसं खाकरलं.

"तो... माझा चहा होता."

मी वळले. डाव्या कानातला माणूस समोर उभा होता. उंच, खांद्यात जरा वाकलेला, कान लालबुंद, बाहीवर पांढऱ्या भुकटीचा पट्टा. "बाकी सगळीकडे गायचं होतं," तो म्हणाला. "तेवढीच जागा रिकामी सापडली. म्हटलं, साखर ढवळून घ्यावी."

"किती रे साखर घालतोस," मावशी म्हणाल्या, "इतका वेळ ढवळायला?"

बाई काही हसल्या नाहीत. "नवं रेकॉर्डिंग कर. चमच्याशिवाय. आणि तू," त्या माझ्याकडे वळल्या, "तुला निदान काय चुकतंय ते तरी कळलं. कार्यक्रमात त्या जागी माझं तोंड ट्रम्पेटकडे असणार, ती पोरं नवखी आहेत. मी तुमच्याकडे बघणार नाही. तू श्वास घ्यायचा, ओळ तुझ्यामागून उठेल. पुढच्या तालमीत जमलं नाही, तर जागा सोप्रानोंना."

आमच्या ओळीतून एक कळवळलेला सूर निघाला. त्या दिवशी आमचा तेवढा एकच सूर अगदी एकत्र लागला.

मावशींनी माझं मनगट धरलं. "ए पोरी, सोप्रानोंना नको ग. पुढच्या वर्षी मी लेकीकडे जाणार, कायमची. एकदा मिरवू दे की मला."

आता मी कशी होते ते सांगते. मी जन्मभर अर्धी मात्रा मागून गाणारी. शेजारणीचा सूर ऐकायचा, खात्री झाली की आपला त्यात अलगद सोडायचा. बोलण्याचंही तेच. आधी कुणीतरी बोललं तर मी बोलणार. कुणी हसलं तर हसणार. आणि बाईंनी मलाच शांततेच्या तोंडाशी नेऊन उभं केलं होतं.

(लिहिता लिहिता इथे थांबावं लागलं. आत छोटीने कूस बदलली, पांघरूण लाथाडलं, परत झोपली. चला.)

त्या तालमीनंतर दोन दिवसांनी तो दुकानात आला.

"पांढरा रंग हवाय."

"कुठला पांढरा?" मी शेडकार्ड पुढे सारलं. "मोती आहे, दुधी आहे, चुनखडी, ढगाळ, हस्तिदंती..."

"एवढेच?" त्याने खिशातून एक पट्टी काढून काउंटरवर ठेवली. पट्टीवर ओळीने दात. एकेक दात निराळ्या पांढऱ्याचा. "आमच्याकडे जरा जास्त आहेत."

शेजारी ब्रश बघत असलेलं एक गिऱ्हाईक तसंच मागे सरकलं आणि निघून गेलं.

"भिंतीला पाहिजे की कवळीला?" मी विचारलं.

"भिंतीला. कवळीला घरचा आहे."

मी दातांशेजारी कार्डं लावून बघू लागले. तोही वाकला. एवढे पांढरे एकाच वेळी पाहिले की डोळे चक्रावतात... निदान मी तरी तेच कारण समजत होते.

"खरा दात कधी पांढरा नसतो," तो म्हणाला. "त्यात जरा पिवळं हवं, जरा राखाडी. एकदम शुभ्र केला तर माणूस हसताना खोटा वाटतो."

"भिंतीचंही तसंच असतं," मी म्हटलं आणि मला हसू आलं.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग घाईघाईने पट्टीकडे. "माफ करा. सवय आहे. कुणी हसलं की शेड बघायची."

"मग? माझी कुठली निघाली?"

त्याने पट्टी उचलली, या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली आणि परत ठेवली. "यात नाही," तो म्हणाला.

मी उगाचच यंत्र सुरू केलं. डबा धडधडायला लागला. काहीतरी आवाज हवाच होता.

"खरं म्हणजे," तो आवाज चढवून म्हणाला, "चमच्याबद्दल माफी मागायला आलो होतो."

"मग रंग?"

"रंग नकोच होता."

"घुसळलाय आता."

"मग घेतो की."

यंत्र थांबलं. अचानक सगळं शांत झालं.

"रेकॉर्डिंगमधली ती शांतता तुम्ही कशी मोजता?" मी विचारलं. "मला शिकवा."

"मोजत नाही. मोजायला लागलं की आकड्यांत पाय अडकतो. मी ढवळत होतो, आणि मग वाटलं, आता."

"नुसतं वाटलं?"

"नुसतं वाटलं."

"आणि नाहीच वाटलं तर?"

"तर चहा गार होतो."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "कार्यक्रमात मी बरोबर तुमच्या मागे असतो. खिशात चमचा घेऊन येऊ? आतल्या आत वाजवीन."

"बाई दात पाडतील तुमचे."

"त्याची काळजी नाही. मला करता येतात."

त्यानंतर त्याला खिडक्यांसाठी रंग हवा झाला. मग दारासाठी. मग कपाटाच्या आतल्या बाजूसाठी, जी बाजू कुणी बघत नाही. त्याच्या घराला किती भिंती होत्या कोण जाणे. दर वेळी डबा यंत्रात चढायचा, धडधडायचा, आणि थांबला की त्या शांततेत मी गायचे — एत रेसुरेक्सित. कधी उशिरा. कधी घाईने. कधी सूर लागायच्या आधीच हसू फुटायचं. गिऱ्हाइकं दचकायची. मालक म्हणायचे, "डब्याबरोबर गाणं फुकट, घेऊन जा."

नवं रेकॉर्डिंग आलं ते मी दुकानातच ऐकायला घेतलं. आणि नेमका विटकरी प्रायमरचा डबा हातातून सटकला. मी फरशीवर गुडघे टेकून, कोपरापर्यंत माखलेली. कानात तो, स्वच्छ, मोकळा. शांतता आली, चमचा वाजला नाही, श्वास आला, सूर आला. कामाचं झालं होतं रेकॉर्डिंग. पण मला त्यात कुणाचं घर ऐकू येईना. सगळं आवरून ठेवल्यासारखं वाटलं.

शेवटचा सूर विरला. खुर्ची कुरकुरली. एरवी इथे खट् व्हायचं आणि संपायचं. ते झालं नाही. बंद करायला माझं एकही बोट मोकळं नव्हतं.

"तुम्ही माझ्याबरोबर चहा घ्याल का," तो डाव्या कानात म्हणाला.

मी फरशीवर थिजले.

"हं, हे नव्हे. फारच सरळ झालं." घसा साफ केला. "चहा पिता का हो तुम्ही?... हे काय, पिणारच. कोण पीत नाही." मग त्याने नाक ओढलं. मला माहीत होतं, उंच सूर जवळ आलाय. "भिंती संपल्या. आता रंगाचं नाव सांगून यायची सोय उरली नाही. तेव्हा खरं काय ते..."

मग लांबच लांब शांतता. तिच्यात चमचा फिरत होता, गोल, गोल, गोल. मी श्वास धरून बसले होते.

"गार झाला," तो म्हणाला.

खट्.

पुढच्या तालमीत मी श्वास घेतला आणि ओळ उठली... जेमतेम. जागा वाचली. "आज चालेल," बाई म्हणाल्या. "कार्यक्रमात एवढं रेंगाळलात तर ट्रम्पेट तुमच्या डोक्यावर पडतील." तालीम संपल्यावर तो माझ्याजवळ आला, नाक ओढलं, म्हणाला, "बरं झालं हं आज," आणि निघून गेला. मीही "हो" म्हटलं. मी तर आधी बोलणारी नव्हतेच.

मावशी गुडघे चोळत म्हणाल्या, "विचारलं नाही ना त्याने आजही?"

"काय विचारलं नाही?"

"चहाचं, ग."

माझे कान तापले. "तुम्ही... शेवटपर्यंत ऐकलंत?"

"सगळ्यांनी ऐकलंय. रेकॉर्डिंग काय तुला एकटीलाच आलं होतं? अख्खी ओळ डोळे लावून बसलीये. आणि त्याला कुणी सांगायचं नाही असं ठरलंय, नाहीतर बिचारा गाव सोडून जायचा. मग माझी कवळी सैल झाली तर बघणार कोण?"

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. आम्ही काळ्या कपड्यांत पायऱ्यापायऱ्यांवर उभे. मावशी माझ्या डावीकडे, तो बरोबर मागे. ग्लोरिया पार पडली. मग ती जागा जवळ येऊ लागली. मारलं. पुरलं. आवाज खाली उतरले, आणखी खाली... आणि थांबले.

बाई ट्रम्पेटकडे वळल्या.

कुणीतरी खोकणार होतं ते खोकलं नाही. माझ्या छातीत धडधड, दुकानातल्या यंत्रासारखी. मावशींचं बोट माझ्या बोटाला लागलेलं. मी वाट बघत होते. चमच्याची, शेजारणीची, कुणाचीही. आणि मग मागून काहीच ऐकू आलं नाही. त्याचा श्वाससुद्धा नाही. त्याने तो धरून ठेवला होता. तोही वाट बघत होता. मावशी, सोप्रानो, नवखे ट्रम्पेट, खुर्च्यांवरची सगळी माणसं, सगळे कुणाची तरी वाट बघत होते, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

वाटलं, आता.

मी श्वास घेतला. माझ्याबरोबर अख्ख्या ओळीने घेतला, वाऱ्याने पडदा फुगावा तसा. आणि आम्ही उठलो. अर्धी मात्राही इकडे नाही की तिकडे नाही. माझा आवाज सगळ्यांच्या पुढे होता आणि मला तो ओळखूच येईना, एवढा तो माझा होता. शेजारी मावशी मान वर करून, त्याच्या दातांनी, खणखणीत गात होत्या. मग बास आले, सोप्रानो धावत आल्या, मागून त्याचा टेनर माझ्या खांद्यावरून पुढे झेपावला, ट्रम्पेट पेटले, आणि बाईंनी — बाई त्या जागी आमच्याकडे बघणार नव्हत्या — वळून पाहिलं. हसल्या.

नंतर कोट अडकवायच्या बोळात ही गर्दी. तो वाट काढत आला आणि खिशातून रुमालात गुंडाळलेला चमचा काढला.

"आणला होता."

"मग वाजवला का नाही?"

"हात खिशात गेला, आणि तू... तुम्ही आधीच—"

"तूच म्हण."

"तू आधीच सुरू झालीस." त्याने नाक ओढलं. "मी म्हणत होतो... बाहेर गारठा आहे. तर..."

थांबला. त्याच्या पाठीमागे आल्टोंची ओळ आपापले कोट शोधत होती. कोट सगळ्यांच्या अंगातच होते. चमचा त्याच्या बोटांत गोल गोल फिरत होता. मला कळलं, आणखी थोडा वेळ गेला तर हा चहा गार होणार.

"चहा पिता का हो तुम्ही?" मी म्हटलं. "हे काय, पिणारच. कोण पीत नाही."

त्याचा चेहरा आमच्या कार्डावरचा चुनखडी झाला. "हे... हे कुठे ऐकलंस?"

"डाव्या कानात."

"म्हणजे ते शेवटचं... ते गेलं?"

"सगळ्या आल्टोंना."

"मी तर दोनदा ऐकलं," मावशी कोटांच्या आडून म्हणाल्या. "पुढे बोल, पाय दुखताहेत आमचे."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून म्हणाला, "मला जमत नाही हे. गाणं असतं तर जमलं असतं."

"मग मी सुरू करते," मी म्हटलं. "मला तू आवडतोस. चमच्यासकट."

बोळात अगदी तशीच शांतता झाली. मग त्याने हात खाली घेतले.

"मला पण," तो म्हणाला. अर्धी मात्रा मागून, पण पक्का सुरात.

हे लिहून होईतो लेक उठली आहे. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. मांडीवर चढून तिने परत तीच गोष्ट मागितली, ती मी सांगितली, आणि त्याच नेहमीच्या जागी तिने मला थांबवलं.

"चमचा वाजलाच नाही?"

"नाही."

"तरी तू गायलीस?"

"गायले की."

स्वयंपाकघरात तिचा बाबा चहा ढवळतो आहे. गोल, गोल... टण्. तिने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच विचार केला.

"मग आई, तू गायला लागेपर्यंत मी कुठे थांबले होते?"